आंधळ्या तळ्याचा गाळ

आत्याबाई, परवा मी आंधळ्या तळ्यावर जाऊन आले. काम काही न्हवतं. गुडघे नको म्हणत होते तरी गेले, कारण होळी होऊन गेली की ते रान कसं दिसतं ते मला एकदा परत बघायचं होतं. तसंच आहे. पाऊसकाळात गुडघाभर पाणी, संक्रांतीला चिखल, शिमग्याला भेगा, आणि चैताच्या उन्हात सगळं पीठ चाळून टाकल्यासारखं पांढरं. एका भेगेत हातातली काठी घातली तर मुठीपर्यंत आत गेली. गवताचं पातं न्हाई, मुंगी न्हाई. बाकीच्या तळ्यांना सांडवा असतो. ह्याला पाणी यायला चारी बाजूंनी वाट आणि जायला एकही न्हाई, म्हणून ते आंधळं. येतं ते सगळं ऊन पितं आणि मीठ तेवढं मागं ठेवतं. किती सालांपासून, ते देवालाच ठाऊक. मी चपला काढून उभी राह्यले. देवळात जाताना सुद्धा मला इतकी आठवण राहत न्हाई.

मी सून होऊन तुमच्या घरात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोन सालं झाल्ती. पहिल्याच महिन्यात बघितलं, अंबडकडची दोन माणसं फडक्यात माती बांधून आली आणि ओसरीवर तुमच्यापुढं गाठ सोडून बसली. त्यांना वावर घ्यायचं होतं. तुम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले न्हाईत, देवाचं नाव घेतलं न्हाई, कालवणाचं मीठ बघावं तसं बघितलं आणि थुंकलात. "वरची हातभर गोड हाय. खाली खार बसलाय. ज्वारी घ्या दोन सालं, मंग रडा." माणसं तुमच्या पाया पडून गेली. मला पदरात तोंड घालून हसू आलं. आमच्या माहेरी लेकरू माती खाताना दिसलं तर पाठीत धपाटा घालतात, आणि इथं माती खाणाऱ्या बाईच्या पाया पडतात! तीन गावांत तुमच्या जिभेचा शब्द चालायचा. तलाठ्याचा कागद खोटा निघेल, तुमची थुंकी न्हाई, असं लोक म्हणायचे. मी सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या साली तुम्ही रामनवमीला जांबला गेलात आणि बहिणीकडं पंधरा दिवस राह्यलात. आमच्या माहेरी दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून वावरात पसरतात, आणि त्या साली पीक बघावं. इथं एवढं मोठं तळं कोरडं पडलेलं आणि कोणी एक टोपलं उचलत न्हाई. मी मनात म्हणलं, गावच आळशी. वरचं पांढरं असतं ते मला म्हाईत होतं. तुम्हीच तर ते खरवडून आणून पापडखार करायच्या. पण मी जाऊन खोऱ्यानं वरची पापडी बाजूला सारली, तर खाली लोण्यासारखी काळीभोर माती. मला वाटलं, पांढरं काय ते वर, साय असते तशी. साय काढली की खालचं आपलं. तुमच्या लेकाला म्हणले, गाडी जुंपा. ते म्हणले, "आईला येऊ दे की." मी म्हणले, "श्वास तरी आईला विचारून घेता का?" झालं. बिचाऱ्यानं बैल जुंपले. चिंचेखालच्या वावराचा खालचा कोपरा, घरातली सगळ्यात गोड जमीन, तिथं आम्ही वीतभर गाळ अंथरला. मी स्वतः ढेकळं फोडली आणि वाट बघत बसले, आत्याबाई येतील आणि पाठीवरून हात फिरवतील.

तुम्ही आलात, वावरात गेलात, एक ढेकूळ उचललं. जिभेला लावलं. तोंड असं झालं, जसं काही सापाला हात लागला. ते ढेकूळ पदरात घालून घरी आणलंत, पाण्यात भिजवून त्याचा गोळा केलात आणि चुलीच्या वैलाजवळ धगीला ठेवलात. "भाकरी टाक," म्हणल्या. मी थापून राह्यले, तुम्ही बाजूला बसलेल्या. पहिल्या दोन भाकऱ्या झाल्या तोवर गोळा काळाच. मंग कडेला काहीतरी चमकलं. मला वाटलं राख उडाली. मी फुंकर मारली, गेलं न्हाई. पाचव्या भाकरीला गोळ्याच्या अंगावर पांढरी लव उभी राह्यली, म्हाताऱ्याच्या गालावर खुंट असतात तशी. आतून. कोणी वरून टाकलं न्हाई, शिंपडलं न्हाई, ते त्या काळ्या मातीच्या पोटातनं चालत वर येऊन राह्यलं होतं, माझ्या डोळ्यादेखत. तव्यावरची भाकरी जळली तरी मला कळलं न्हाई. आजपर्यंत मी लई बघितलं, आगगाडी बघितली, विजेचा दिवा बघितला, पेटीतून माणूस बोलताना बघितला. त्या गोळ्यासारखं काही न्हाई बघितलं.

"साय समजलीस व्हय गं?" तुम्ही म्हणल्या. "ती वर ऱ्हात न्हाई. ती खाली ऱ्हाती आणि पाणी पिऊन वर चढती. जीभ काढ." माझ्या जिभेवर तो गोळा ठेवलात. आधी खारट, मंग कडू, मंग साबणासारखं बुळबुळीत, आणि घशापर्यंत कोरडं. "तुझ्या जिभेला धार हाय," म्हणल्या, "चव न्हाई." तेवढंच. मला वाटलं होतं लाटणं पाठीत बसेल. बसलं असतं तर बरं झालं असतं.

सांजच्याला तुमचे धाकटे दीर आले, माझे चुलत सासरे. वावराला वावर लागून, त्यामुळं त्यांचा जीव जळणारच. ओसरीवर टेकले पण पाणी घेतलं न्हाई. मी दाराच्या आड.

"वैनी, सुनेचं डोकं बराबर हाय का? सोन्यासारख्या वावरात खार घातला. आज तुमच्या कोपऱ्यात, उद्या माझ्या बांधात. असली सून घरात ठेवू नका. बापाकडं लावून द्या जल्दी."

माहेरी माझ्या मागं चार बहिणी होत्या लग्नाच्या. मी माघारी गेले असते तर त्यांच्या दारात कोण आलं असतं?

"तिला का बोलता भावजी?" तुम्ही सुपारी कातरत म्हणल्या. "जांबला जाताना मीच सांगून गेल्ते, गाळ टाका म्हणून."

"तुम्ही?" त्यांचं तोंड उघडंच. "तुम्ही तर म्हणं जिभेनं माती वळखता!"

"गेली जीभ. वय झालं."

तेव्हा तुमचं वय काय होतं आत्याबाई? पन्नास सुद्धा न्हाई. ते एकदम हसले, आणि हसतच गावात गेले. तुम्ही अडकित्ता खाली ठेवला आणि मला म्हणल्या, "आड उभी राहून काय ऐकती? उद्यापासून खरवडायचं हाय."

खरवडलं. खुरप्यानं, खराट्यानं, फुटक्या पराती घेऊन, तुम्ही आणि मी, गाळ उचलून पाटीनं परत तळ्यात. पाऊस आला तेव्हा कोपऱ्यातली पेरायच्या चार पाभरींएवढी रुंद पट्टी राह्यलीच होती. तिथं त्या साली ज्वारी बोटभर झाली आणि पिवळी पडून मेली. पुढच्या साली ती सुद्धा उगवली न्हाई. पावसाचं पाणी त्या पट्टीवर चार-चार दिवस तुंबायचं, आणि वाळलं की कुदळ टण्णकन वाजायची. तुम्ही त्या पट्टीभोवती चर खणलात, विहिरीचं गोड पाणी सोडून धुवून काढली, ताग पेरून हिरवा असतानाच गाडला, शेणखत घातलं. दर आठ दिवसांनी मला घेऊन जायच्या आणि जीभ काढायला लावायच्या. "काय लागलं?" "खारट." "आणि?" "कडू." "मागच्या बारीहून?" मला सांगता यायचं न्हाई. मंग हळूहळू यायला लागलं. नऊ सालं. नवव्या साली त्या पट्टीत कपाशीला बोंडं धरली. सरळ न्हवती, लहान होती, पण फुटली. तुम्ही त्यातलं एक हातात घेऊन बांधावर इतका वेळ बसल्या की मला वाटलं तुम्हाला चक्कर आली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

ह्या नऊ सालांत आपल्या ओसरीवर मातीची गाठ घेऊन एकही माणूस आला न्हाई. ते मी मोजत होते. तुम्हीही मोजत असणार, पण बोलल्या न्हाईत. एकदा बाजारात कोणीतरी मागून म्हणलं, "ती बघ, खारवाली म्हातारी." तुम्ही कांदे निवडत राह्यल्या. मी तिथं वळून बोलायला पायजे होतं. माझ्या तोंडाला सगळं गाव घाबरतं, आणि त्या दिवशी ते तोंड कांद्यांवर होतं.

मला आता माती कळते. अगदी तुमच्यासारखी न्हाई, पण वरची आणि खालची वेगळी सांगते. कोणाला म्हाईत न्हाई. सांगितलं तर विचारतील, कोणी शिकवलं, कशापायी शिकवलं.

परवा तळ्यावरून येताना नातू आणि नात बरोबर होते. चिंचेखालच्या वावराशी आलो. त्या कोपऱ्यात उन्हाळ्यात अजूनही हातभर पांढरं फुटतं, बाकी सगळं सुधरलं. घरात त्या कोपऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक न्हाई, कारण ते नाव तुमच्या मागं पडलं. 'पणजीचा खार' म्हणतात. सातबारावर न्हाई, पण तोंडी पक्कं. नात म्हणली, "आजी, पणजी एवढी हुशार होती म्हणतेस, मंग तिनं असं का केलं गं?"

मी बांधावर टेकले. तोंड उघडलं. तुमचा लेक गेला, तुमचे दीर गेले, माझ्या बहिणी आपापल्या घरी म्हाताऱ्या झाल्या. आता मला कोणी माघारी लावून देणार न्हाई. सगळं शब्द होऊन जिभेवर आल्तं. आणि मी म्हणले, "वय झाल्तं बाई तिचं."

म्हणून हे लिहायला बसले. दुसरीपर्यंतची माझी अक्षरं, नातीच्या वहीचा कागद. तुम्हाला एक अक्षर वाचता येत न्हवतं, ते मला म्हाईत आहे. आणि ज्यांना वाचता येतं ते आता शाळेतून येतील, त्याच्या आत मी हे चुलीत घालणार आहे.