बाजारात येण्याआधीचं घड्याळ

विठ्ठलवाडी, उल्हासनगर
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
देवदत्तचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. त्याला बदलापूरहून इथे पोचायला आठवडा लागला. तुम्ही स्वतः चालत निघाला असतात तर जेवायच्या वेळेला पोचला असतात. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा आपल्या घराला पोस्टमनशिवाय गत्यंतर नाही. चक्कर पुन्हा आली होती का, ते तुम्ही नेमकं लिहिलेलं नाही. नाडीवर लक्ष ठेवा असं डॉक्टरांनी बजावून दिवाळीसुद्धा होऊन गेली.

त्याचाच बंदोबस्त करतोय. नवीन स्मार्टवॉच येणार आहे, आणि आमच्या मोबाइलच्या दुकानात सध्या दुसरा विषय नाही. आमचे मालक हरेशशेठ म्हणतात, मनगटावरच रक्तदाब सांगेल. समोरचा दुकानदार म्हणतो, माणूस पडला तर घरच्यांना आपोआप फोन लावेल. कोणी म्हणतं पट्टा चामड्याचा, कोणी म्हणतं आठवडाभर चार्जिंग लागणार नाही. पाहिलं अजून कोणीच नाही, पण बारशाआधी पाळण्यातल्याचं नाव ठरावं तसं चाललंय. डिसेंबरच्या सुरुवातीला लाँच आहे. तुमच्या पंचाहत्तरीला ते तुमच्या हातात असेल, हा माझा शब्द. जुनं मॉडेल आत्ता घेता येईल, पण तुमच्यासाठी शिळं कशाला?

सुरुचीताई अंबरनाथहून रविवारी तुमच्याकडे येणार आहे. तिच्यावर रागावू नका, डबा आणायला तिला मीच सांगितलंय.

आशीर्वाद असू द्यावा.
आपला आज्ञाधारक,
देवदत्त

*

बारवी रस्ता, बदलापूर
२८ नोव्हेंबर २०२४

चि. देवदत्तास,
अनेक आशीर्वाद.

चक्कर आली नाही. आली असती तरी ती सांगायला घड्याळ कशाला, जमीन सांगतेच.

तुझ्या घड्याळाची बातमी मी गिरणीजवळच्या हिरामणला सांगितली ही माझी चूक झाली. आता गावभर झाली आहे. तो म्हणे, चूल विझली का तेही ते सांगेल. म्हणजे त्याने पाटीवर तसं लिहिलं, आणि 'विझली'तला झ त्याला येईना म्हणून चुलीचं चित्र काढलं. शेजारच्या चांगुणावहिनींना लिहिता येत नाही, त्यांनी नुसती मनगटावर बोटं गुंडाळून दाखवली आणि कधी येतंय म्हणून हाताने विचारलं. मी तुझ्या भरवशावर सांगून टाकलं की पंचाहत्तरीला येतंय.

कारखान्यातल्या प्रेसने माझे कान घेतले त्याचं मला फारसं दुःख नाही, पेन्शनही त्याच कारखान्याने दिली. पण तुझी आई गेल्यापासून ओट्यावर संध्याकाळ लांबते. बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे पाटी-पेन्सिल आली, आणि दिवसभर वालाच्या शेतात वाकलेल्या माणसाला रात्री निबंध लिहायला कोण सांगणार? तेव्हा ये मधूनअधून. घड्याळ नसलं तरी ये.

सुखी राहा.
तुझा,
अण्णा

*

विठ्ठलवाडी
१४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पार्सल आहे. वाढदिवसाला यायचं होतं, पण लग्नसराईत शेठ सुट्टी देईनात. त्याची भरपाई म्हणून आतलं बघा. लाँच पुढे ढकललं गेलंय, आता जानेवारीच्या शेवटी म्हणतात. तरीही शब्द पाळला. बाजारात येण्याआधीच एक पीस शेठच्या ओळखीने मिळाला. काळी काच, गोल डबी, उजवीकडे बटण, जसं सगळे म्हणत होते तसंच.

रोज चार्ज करा. पाण्यात घालू नका. आकडे फार मनावर घेऊ नका, नवीन वस्तू आहे, रुळायला वेळ लागतो.

हातावर कसं दिसतं ते कळवा.
आपला,
देवदत्त

*

बारवी रस्ता, बदलापूर
२ जानेवारी २०२५

चि. देवदत्तास,
अनेक आशीर्वाद.

अरे, काय वस्तू पाठवलीस! पोस्टमनसमोरच उघडलं, आणि पहिली नाडी त्याचीच पाहिली. बहात्तर. माझीही बहात्तर. पंचाहत्तराव्या वर्षी पोस्टमनची नाडी मिळाली म्हणून मी त्याला चहा पाजला.

आता संध्याकाळी ओट्यावर दवाखाना भरतो. हिरामण येतो, त्याचा भाऊ येतो, भाताच्या गिरणीवरची पोरं येतात. हात पुढे करायचा, मी पट्टा बांधायचा, आकडा उजळला की सगळ्यांनी वाकून पाहायचं. पाटीची गरजच पडत नाही. चांगुणावहिनी तर रोज येतात. दहा वर्षं शेजारी राहतोय, पण आमचं बोलणं म्हणजे कुंपणावरून एकमेकांना मान डोलवणं. आता हात पुढे करून बसतात, आकडा कमी आला तर मला दटावल्यासारखं बघतात, जसा काही तो मीच खाली ओढला. काल त्यांनी वालाच्या शेंगा आणून ओट्यावर ओतल्या. फी म्हणे.

तू सगळ्यांच्या आधी माझ्यासाठी मिळवलंस. ते मी येईल त्याला सांगतो. तेवढा मिरवण्याचा हक्क मला राहू दे.

सुखी राहा, आणि सवड काढ.
तुझा,
अण्णा

*

अंबरनाथ
९ जानेवारी २०२५

प्रिय देवा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर बोलले तर आपलं भांडण होईल, म्हणून घरच्या रीतीने लिहिते आहे. रविवारी अण्णांकडे गेले होते. ओट्यावर जत्रा होती. अण्णांना इतकं हसताना मी आई असतानाच पाहिलं होतं. पण मी बसून आकडे बघत होते. हिरामणभाऊ गिरणीपासून धावत आले, घामाघूम, तरी चौऱ्याहत्तर. माझे त्र्याहत्तर. शाळेतलं पोर, त्याचेही त्र्याहत्तर. आमच्या ह्यांनी आनंदनगरच्या कंपनीत मशीनवरचे काटे बघण्यात आयुष्य घालवलंय. मी त्यांना घरी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, जो काटा हलत नाही तो बिघडलेला.

देवा, लाँच झाल्याशिवाय खरं घड्याळ कोणाच्या हातात येतं का? मला खरं सांग. मी अण्णांना सांगणार नाही, पण मला सांग.

तुझी,
सुरुची

*

विठ्ठलवाडी
१२ जानेवारी २०२५

ताई,
सा. न.

कॉपी आहे. नेटवर फुटलेले फोटो बघून बनवलेली. खऱ्या घड्याळाच्या आधी ती आमच्या बाजारात येते, दरवेळी येते, गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. वेळ बरोबर दाखवते, दिवा चांगला लागतो. ठोक्यांचं मात्र आत काहीच नाही, नुसते आकडे फिरतात. हरेशशेठना विचारलं तर ते त्यांच्या सिंधी थाटात म्हणाले, साईं, शोभेची वस्तू आहे, शोभेसाठीच द्यायची.

अण्णा वाट बघत होते आणि वाढदिवस जवळ आला होता. जुनं पण खरं घड्याळ तेव्हाच घेऊन दिलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण मला नव्याचीच हौस. वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे, खरं आलं की गुपचूप बदलून टाकू. आता त्यांनी ओट्यावर दवाखानाच मांडलाय. अण्णांना लिहिलंय, की लाँच होईपर्यंत त्यातलं ठोक्यांचं काम कंपनीने चालू केलेलं नाही, तेव्हा आकडा धरू नका. म्हणजे एका खोट्यावर दुसरं खोटं बसवलं.

फक्त महिनाअखेरपर्यंत गप्प राहा. ते फार खूश आहेत गं.

तुझा,
देवा

*

अंबरनाथ
२४ जानेवारी २०२५

प्रिय देवा,

फोनवर मी नुसती रडत होते, तुला नीट काही सांगता आलं नाही. चांगुणाकाकूंच्या सुनेकडून, विनिताकडून, जेवढं कळलं तेवढं लिहिते.

सोमवारी सकाळी चांगुणाकाकू शेतावर गेल्या आणि परत आल्या. जबडा दुखत होता, दम लागत होता, अंगावरचं लुगडं घामाने भिजलेलं, आणि हे थंडीच्या दिवसांत. विनिता आनंदनगरला कामावर गेलेली. घरी कोणी नाही, म्हणून त्या अण्णांकडे आल्या आणि नेहमीसारखा हात पुढे केला. घड्याळाने चौऱ्याहत्तर सांगितले. अण्णांनी ओवा आणि गरम पाणी दिलं, काही नाही म्हणून खूण केली आणि घड्याळ त्यांच्याच हातावर राहू दिलं. त्या घरी जाऊन झोपल्या. संध्याकाळी विनिता आली तेव्हा त्यांचे ओठ काळे पडले होते. तिने मनगटावरचा आकडा पाहिलासुद्धा नाही, सरळ रिक्षा बोलावली आणि बदलापूरला दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं, हृदय कायमचं दुबळं झालंय. आता त्या शेतात कधी वाकू शकणार नाहीत.

मी बारा दिवस गप्प बसले. तू म्हणालास म्हणून नाही, मलाही अण्णांचं हसणं मोडवेना म्हणून. आता तू अण्णांना लिही. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन.

सुरुची

*

विठ्ठलवाडी
२६ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न.

तुम्हाला दिलेलं घड्याळ खोटं होतं. बाजारात यायच्या आधीचं नव्हतं, आमच्या बाजारातली नक्कल होती, आणि ते मला देतानाच माहीत होतं. लाँचची, कंपनीने चालू न केल्याची गोष्टही मी रचली. तुम्ही चांगुणाकाकूंना घरी पाठवलंत, पण पाठवणारा खरं तर मी आहे. त्याचा दोष स्वतःवर घेऊ नका.

गुरुवारी लाँच आहे. दुकानात सगळे मोबाइल लावून बसणार आहेत, रंग कोणता आणि पट्टा कसला यावर पैजा लागल्या आहेत. मला त्यातलं काही ऐकवत नाही. पहिल्या दिवशीच खरं घड्याळ घेऊन ते तुम्हाला आणून देतो. चांगुणाकाकूंनाही एक देईन. याने काही भरून येत नाही हे मला कळतं, पण दुसरं काय करावं ते सुचत नाही.

नमस्कार घ्यावा, असं लिहायलाही हात धजत नाही.
देवदत्त

*

बारवी रस्ता, बदलापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. देवदत्तास,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खूप रागावलो. दोन दिवस लेखणी हातात घेतली नाही, कारण घेतली असती तर तुला न शोभणारं आणि मला न शोभणारं लिहिलं असतं. पण तुझ्यावर धड रागवायलाही माझ्याकडे तोंड नाही, ते का, हे आता लिहितो.

संक्रांतीनंतर तुझं पत्र आलं, आकडा धरू नका म्हणून. त्या दिवशी परसातल्या वेलावरचा दुधी उतरवून ओट्यावर ठेवला होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, पट्टा त्याला बांधला. आधी बहात्तर. मग चौऱ्याहत्तर. भाजीला निघालेला दुधी, आणि माझ्याहून ठणठणीत. मी एकटाच हसलो. मग हसू गेलं. तू काय केलंस ते मला तेव्हाच कळलं होतं.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगायला हवं होतं. ते आले, हात पुढे करून बसले, आणि मी पट्टा बांधत राहिलो. सांगितलं असतं तर तुझी लाज गेली असती, हे मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. सांगितलं असतं तर ओटा रिकामा झाला असता. देवा, इतक्या वर्षांनी माणसं माझ्याशेजारी पाटीशिवाय बसत होती. मला ते सोडवलं नाही.

आणि त्या सकाळचं ऐक. चांगुणावहिनींनी हात पुढे केला तेव्हा मला माहीत होतं की हे यंत्र दुधीलाही चौऱ्याहत्तर सांगतं. तरी तो आकडा बघून मला बरं वाटलं. माहीत असून बरं वाटलं. तुझ्या आईची नाडी मी बोटांनी बघायचो. तशीच दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवायची, तेवढं मी केलं नाही. हा दोष तुझा नाही, तू तो मागू नकोस.

परवा त्यांना घरी आणलं. मी गेलो आणि सगळं सांगितलं, दुधीसकट. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग काहीतरी बोलल्या, ते विनिताने जसंच्या तसं पाटीवर लिहून मला दाखवलं: 'तुजे पोराला आन. त्याचे तोंडाशी आयकाचा हाय.' निघताना विनिताने घड्याळ परत दिलं. दवाखान्यात काढून ठेवलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिने ते चार्जही केलं होतं, दुसऱ्याची वस्तू नीट परत द्यायची म्हणून. घरी येऊन पाहिलं तर नुसत्या पिशवीत त्र्याहत्तर चालले होते.

ओट्यावर आता कोणी येत नाही. तसंच व्हायला हवं.

तेव्हा रविवारी ये. लाँच झालेलं नवं घड्याळ आणू नकोस, त्यांच्यासाठीही नको आणि माझ्यासाठीही नको. मोकळ्या हाताने ये आणि तुझ्या वाट्याचं तू सांग. तू काय बोलतोस ते मला ऐकू येणार नाही. पण मी तुझ्या बाजूला बसणार नाही, चांगुणावहिनींच्या खाटेशेजारी बसणार आहे, आणि तिथून तुझं तोंड मला नीट दिसेल.

माया होती तेवढीच आहे. वाट बघतो.
अण्णा