चुलीजवळचा दगड

माय,

शाळेच्या भाषेत लिहिते आहे, हसू नकोस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लय साहेबीन झाली वं." पण आपल्या बोलीत हे सांगायचं म्हटलं की तुझा आवाज कानात येतो आणि हात थांबतो.

आपल्या सैपाकघरात चुलीजवळ जमिनीतून वर आलेला तो काळा दगड. घर बांधताना बाबांनी लोखंडी सब्बल वाकवली, पण दगड हलला नाही. तू म्हणालीस, "राहू द्या, मले बसाले होते." मळ्यात झेंडूला पाणी देऊन देऊन तुझे गुडघे गेले होते, खाली बसलीस की उठवत नसे. म्हणून त्या दगडावर बसून तू चूल सांभाळायचीस. दर शुक्रवारी त्याला गेरू लावायचीस, भोवती चुन्याचे ठिपके काढायचीस, आणि वाळला की त्याच्यावर ऐटीत बसायचीस. मला ते ठिपके फार आवडायचे. अमरावतीच्या शाळेत राहायला गेले आणि त्यांचीच लाज वाटायला लागली.

सुट्टीत माझी मैत्रीण, वकिलाची मुलगी, परतवाड्याला मामाकडे आली होती. तिथून एक दिवस बैलांच्या दमणीतून आपल्याकडे आली. तिच्या घरी फरशी, आणि आपल्या सैपाकघरात दगड उगवलेला. तू मळ्यात फुलं तोडत होतीस. मी दगडाला, तुझ्या ठिपक्यांसकट, तेलात कालवलेला शेंदूर फासला, वर झेंडूची माळ घातली. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आमची देवी आहे, आपणहून वर आलेली." तिनं हात जोडले. तेवढ्यात तू टोपली घेऊन आत आलीस. दगडाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि तूही हात जोडलेस.

ती गेल्यावर तू विचारलंस, "खरं सांग पोरी, सपनात आली होती काय वं?" तेव्हा नाही म्हटलं असतं तर दोन धपाटे घालून तू शेंदूर खरवडला असतास. मी म्हणाले, "हो, आली होती."

"मंग आता मी कशी बसू तिच्यावर," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर मरेपर्यंत तू जमिनीवर बसलीस. उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर. तिथे तुझ्या पंजाचा काळा डाग पडला होता. गावच्या बायका नारळ घेऊन यायच्या, तू त्यांना माळा ओवून द्यायचीस. मी सुट्टीत येऊन हे सगळं बघायची आणि तुझ्याकडे पाट सरकवायची. बोटभर उंचीचा पाट, त्यानं काय होणार होतं? हलकटपणाच तो, दुसरं काय म्हणू.

परवा भावाकडे गेले होते. आता देवीवर पितळी छत्र आहे. त्याची नवी सून पूजा करता करता म्हणाली, "आत्याबाई, ही कोणाच्या सपनात आली होती?" सैपाकघरात आम्ही दोघीच होतो. माझे गुडघे ठणकत होते, समोर तुझा डाग होता. खरं सांगायला यापेक्षा बरी वेळ मला मिळायची नव्हती.

"तुझ्या आजेसासूच्या," मी म्हणाले.

तुझं नाव सांगितलं, माय. हा कागद चुलीत घालायच्या आधी तेवढं कबूल करते.