अध्यक्षांचं उड्डाण, अकोलामार्गे

मुक्काम मुंबई,
भावनाचं घर, अकरावा मजला

ती. खुशालराव भाऊजी,

शेखरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पूर्ण समजावा.) तुमची शुगर, ताईचे गुडघे आणि डाळ मिलची मोटर, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. मागच्या वेळी अकोल्याला आलो तेव्हा यातलं फक्त मोटरचं बरं चाललं होतं. इकडे मी, सौ. साधना, लेक भावना आणि जावई सुखरूप आहोत. फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. भाऊजी, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि ताई शेजारच्या खोलीतून उत्तरं देते. त्यामुळे तुम्हाला सांगितलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत अमरावतीत माझ्याच गल्लीत मला ऐकायला मिळते. म्हणून कुरिअर.

आमचं वऱ्हाड विमानरसिक मंडळ तुम्हाला ऐकून माहीत आहे. (त्याला तुम्ही "रिकामटेकड्यांचं स्टँड" म्हटल्याचंही माझ्या कानावर आहे. राग नाही.) आपल्या अमरावतीला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा मी आणि आणखी तिघं विमान पाहायला बेलोऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणापाशी उभे होतो. तिथेच ओळख झाली, तिथेच गिला वडा खाल्ला आणि तिथेच मंडळ स्थापन झालं. जिल्हा परिषदेत मी अधीक्षक होतो, सभा चालवायची सवय होती, म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आलं. तुम्हाला म्हणून सांगतो, निवृत्तीनंतर मला "साहेब" म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दूधवालासुद्धा "ओ काका" वर आला होता.

दर रविवारी आमची चर्चा होते. विषय ठरलेले दोन: आवडतं विमान आणि घडलेले अपघात. आवडत्या विमानाच्या बाबतीत मी पहिल्यापासून काँकॉर्डवाला. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं ते विमान आता उडतच नाही, त्यामुळे माझं मत खोडून काढणारा प्रवासी वऱ्हाडात तरी सापडण्याची भीती नाही. वलगावचे नत्थुजी शेतकरी आहेत, ते हेलिकॉप्टरच्या बाजूचे. ("आमच्या वावराच्या पांदणीनं या एकदा, मंग समजते हेलिकॉप्टर कावून पाह्यजे.") अंकुरचं मोबाइलचं दुकान स्टेशनसमोर आहे. तो काउंटरमागे कॉम्प्युटरवर रोज जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान चालवतो आणि रोज पाडतो. परवा त्यानं ते दर्यापूर रोडवर उतरवलं आणि प्रवासी वाचल्याबद्दल आम्हाला पेढे दिले. चौथ्या माया मॅडम, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. त्या लढाऊ विमानांच्या आणि स्वभावानंही त्याच खात्यातल्या. आमच्यापैकी प्रत्यक्ष विमानात बसलेल्या त्या एकट्याच, तेही एकदाच, दिल्लीला. पण ही गोष्ट त्या प्रत्येक सभेत अशा काही पद्धतीनं आणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, विमान त्यांनीच नेलं होतं.

तर झालं असं, की नत्थुजींनी फवारणीचा ड्रोन घेतला आणि वलगावात त्याच्या उद्‌घाटनाला एका मान्यवरांना बोलावलं. (नाव लिहीत नाही. कुरिअर कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.) मांडव, हार, माइक, सगळी व्यवस्था चोख. नत्थुजींनी ड्रोन चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं आहे, पण पहिलं उड्डाण मंडळाच्या अध्यक्षांनी करावं असा आग्रह झाला. हा आग्रह कोणी केला याबद्दल सभासदांत मतभेद आहेत. मी केला असं तिघांचं म्हणणं आहे.

टाकीत निंबोळी अर्क होता. त्याचा वास तुम्हाला ठाऊक आहे. ड्रोन सुरेख वर गेला, टाळ्या पडल्या, मी लोकांकडे पाहून मान हलवली आणि तेवढ्यात यंत्रानं स्वतःचा विचार सुरू केला. नत्थुजी ओरडत होते, "साहेब, डावी दांडी सोडा, डावी!" पण ड्रोन माझ्याकडे तोंड करून होता, आता डावी माझी की त्याची, हे ठरेपर्यंत तो मांडवाच्या उघड्या बाजूनं आत शिरला आणि व्यासपीठावर अत्यंत समान रीतीनं फवारणी करून गेला. मान्यवरांना आधी वाटलं गुलाबपाणी आहे. त्यांनी हात जोडून डोळे मिटले. वास नाकात गेल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि ते माझ्याच दिशेनं उघडले. ड्रोन शेवटी मांडवाच्या कापडात अडकून घरघरत बसला. मान्यवरांनी भाषण मात्र पूर्ण केलं. (त्या लोकांचं हे मानलं पाहिजे. काहीही अंगावर पडलं तरी माइक सोडत नाहीत.) नत्थुजी मोठ्या मनाचा माणूस. एवढंच म्हणाले, "जाऊ द्या साहेब, यंदा त्यायले कीड नाई लागत."

पण पुढच्या रविवारी माया मॅडमनी सभेत विषय काढलाच.

"अध्यक्ष, एक इचारू काय? तुमी कधी इमानात बसले काय?"

भाऊजी, मी वैमानिकांच्या चुकांवर तासभर बोललो आहे. वारा कसा ओळखावा, धावपट्टी चुकली तर पुन्हा कसं वर जावं, हे मी या लोकांना शिकवलं आहे. या प्रश्नावर मात्र मी हजेरीपुस्तक उघडून चौघांच्या सह्या मोजू लागलो. अंकुर माझ्या बचावाला आला. म्हणाला, "मॅडम, मी तं रोज बसतो." त्यानं माझी बाजू आणखी पडली. शेवटी ठराव असा झाला, की अध्यक्षांनी बेलोऱ्याहून मुंबईला विमानानं जावं, विमानानंच परत यावं आणि उतरल्याबरोबर तिथेच "माझा उड्डाणानुभव" यावर बोलावं. नाही तर पद माया मॅडमकडे. त्या रात्री मी जेवलो नाही. साधनानं कारण विचारलं, मी पित्त सांगितलं. ती म्हणाली, "भावनाले भेटाचंच हाय, मी बी येतो. तुमचं पित्त पाहाले कोणी पाह्यजे." तिला विमानाचं कधीच काही कौतुक नव्हतं. तिच्या दृष्टीनं मंडळ म्हणजे रविवारची भाजी न आणण्याचं निमित्त.

निघायच्या दिवशी मंडळ हार घेऊन हजर होतं. नत्थुजींनी नारळ आणला होता, तो सुरक्षा तपासणीत राहिला. आत जाईपर्यंत मी उत्तम स्थितीत होतो. साधनाला पंखे कसे फिरतात, चाकं कुठे जातात, सगळं समजावून सांगत होतो. खिडकीची जागा माझी होती, पण आयत्या वेळी मी ती स्त्रीदाक्षिण्य म्हणून तिला दिली. (दुसरं काही कारण नव्हतं.) मग दार लागलं. भाऊजी, पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, की विमानाचं दार लागताना धान्याच्या कोठीचं झाकण लागल्यासारखा आवाज होतो आणि आपण आत असतो. पंखे फिरू लागले. मी हवाई सुंदरीला नम्रपणे विचारलं, की एखाद्याला उतरायचं असेल तर बेल कुठे आहे. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

वर गेल्यावर अकोल्यावरूनच गेलो असू. तुमची मिल पाहायची होती, पण त्या वेळी माझं लक्ष समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होतं. बुलढाण्याच्या आसपास विमान एकदम खाली बसलं. म्हणजे हवेतच. पांदणीत बैलगाडीचं चाक खड्ड्यात जातं तसं, फक्त खड्ड्याला बूड नाही. मी इतकी वर्षं ज्याला इंग्रजीत "टर्ब्युलन्स" म्हणत होतो ते हेच, अशी माझी खात्री पटली आणि मी खुर्चीखालचं लाइफ जॅकेट काढून घातलं. सूचना अशी होती, की ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावं. माझ्या हातून दोरी थोडी आधी ओढली गेली. फट्‌ असा आवाज झाला आणि माझी मान दोन पिवळ्या उशांच्या मध्ये गच्च बसली. खाली आठ आठ दिवस नळाला पाणी न येणारा मुलूख, आणि वर मी बुडण्याच्या पूर्ण तयारीत. पलीकडे बसलेले कापसाचे व्यापारी वाकून म्हणाले, "काहो साहेब, पूर आला काय?"

साधनानं या सगळ्या काळात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तोंड खिडकीकडे करून बसली होती. एका हातानं तिनं माझं मनगट धरलं होतं (त्यावर बांगडीचा वळ अजून आहे) आणि तोंडानं सारखी सांगत होती: "काय ढग हायेत जी, जिनिंगमधून आताच निंगालेल्या कापसावानी. पाहा तं खरं." मला मान वळवता येत नव्हती. तिचा तो आनंद ऐकून मला माझ्या परिस्थितीचं आणखीच वाईट वाटलं.

मुंबईला उतरल्यावर जॅकेटची हवा सोडायला दोघं जण लागले. तेवढ्यात कॅप्टन बाहेर आल्या. तरुण बाई, भावनाच्या वयाच्या. त्यांनी फार गोड विचारलं, "सर, पहिल्यांदाच का?"

मी म्हणालो, "नाही, मी अध्यक्ष आहे."

आता इथे काय चाललं आहे ते ऐका. साधना सगळ्यांना ढग सांगत सुटली आहे. जावई ऐकतात, शेजारीण ऐकते, इस्त्रीवाला ऐकतो. परवा माया मॅडमचा फोन आला, तो माझ्यासाठी होता, पण बोलली ही. मॅडम इतक्या खूश झाल्या, की परतल्यावर माझ्यानंतर हिचंही भाषण ठेवलं आहे. हिनं ऐटीत सांगितलं, "येतो ना मी इमानानंच. काय भेवाचं हाय त्याच्यात?" चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई जत्रेतल्या पाळण्यात बसली नाही, आणि आता हे. मला तिचा अभिमान वाटतो. थोडा रागही येतो, पण मुख्यतः अभिमान.

एकूण विमानप्रवास अत्यंत सुखद झाला. येत्या गुरुवारी आम्ही त्याच मार्गानं परत येत आहोत. बेलोऱ्याला मंडळ बँडसह स्वागत करणार आहे. ताईला नमस्कार सांगा. तिला मुंबईहून काय आणू ते कळवा. बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
शेखर

ता. क. वर "त्याच मार्गानं" असं लिहिलं आहे, त्यात किंचित दुरुस्ती. साधना त्याच मार्गानं येईल. मी तांत्रिक कारणास्तव आदल्या रात्रीच्या रेल्वेनं निघतो आहे. अमरावतीला उतरलो तर अंकुरचं दुकान समोरच, बडनेऱ्याला उतरलो तर तिथे नत्थुजींचे व्याही फलाटावर चहा विकतात. म्हणून गुरुवारी पहाटे अकोला स्टेशनवर तुमची गाडी घेऊन यावं, ही हात जोडून विनंती. तिथून आपण सावकाश बेलोऱ्याला जाऊ. विमान उतरलं, की लोकांच्या गर्दीत मी साधनाच्या सामानाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहीन. बाकीचं हार घालणारेच पाहून घेतील.

ता. क. २. मूर्तिजापूरला चहाला थांबायचं नाही, अंकुरची सासुरवाडी आहे. येताना एक चादर आणावी. बडनेऱ्याच्या पुढे मी मागच्या सीटवर आडवा होईन.

ता. क. ३. भाऊजी, हसू नका. तुम्हाला मिलमध्ये सगळे मालक म्हणतात. मला रविवारी चार वाजता तिघं जण साहेब म्हणतात, तेवढंच आहे.

*

भाऊजी, साधनाचा नमस्कार. पाकिटाले डिंक लावाले यायनं माह्याजवळ देलं अन् आंघोळीले गेले, तं मी वाचलं. यायनं सगळं खरं लिवलं हाय. माह्याबद्दलचं तेवढं खरं नाई, पण त्यात यायचा दोष नाई. खिडकीतून म्या काईच पाह्यलं नाई. बेलोऱ्याले डोये मिटले ते मुंबईले चाकं टेकल्यावर उघडले. ढग मनानंच सांगतले. म्या गप बसली असती तं हे आणखी भेले असते, अन् हे भेले असते तं म्या रडली असती. मंग इथं सगळेच इचारत गेले अन् म्या सांगत गेली. आता मायाताईले भाषण कबूल करून बसली.

भावनाले सांगून रेल्वेचं तिकीट दोघायचं काढलं हाय, यायले एकाचंच माहीत हाय. स्टेशनवर आयत्या टायमाले म्हणीन, तुमाले एकटं सोडवत नाई, मी बी येतो. म्हंजे यायचा मान राह्यते अन् माहा बी. बेलोऱ्याले सामान घेऊन दोघं बी गर्दीत शिरू. यायले यातलं काई बोलू नका. ताईले तं मुळीच नाई.

चादर डबलची आणजा.