गिटार परत पाठवत नाही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार, गिटार गळ्यात आहे, म्हणून तूर्त उभ्यानेच. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तिच्या उशाशी सराव करू नका.) आता मुद्दा. परवा फोनवर ‘मला वाजवता येत नाही, गिटार परत पाठवते’ म्हणून मी रडले, ते सगळं रद्द समजावं. खोकं बांधलं होतं, ते सोडलं.

झालं असं, की आमच्या बँडचं पहिलंच रेकॉर्डिंग होतं. तिथल्या ताईंनी (रेकॉर्डिंग त्याच करतात, आणि जांभया लपवत नाहीत) माझा अँप (गिटारचा आवाज बाहेर फेकणारा तो डबा) शेजारच्या खोलीत कोंडला, त्याच्या तोंडाशी माइक लावला आणि मला हेडफोन घालून काचेच्या अलीकडे बसवलं. मी जीव तोडून वाजवलं. मग त्यांनी ते ऐकवलं, तर मामा, डबीत अडकलेला डास! मी आधी सगळ्यांची माफी मागितली, मग बटणं फिरवली, तारा बदलल्या, कानसुद्धा पुसले. डास तो डासच. मग मनात आलं ते भयंकर होतं: म्हणजे माझं वाजवणं कायम असंच होतं, आणि तुम्ही सगळे भाचीच्या मायेपोटी इतकी वर्षं खोटं बोललात. (याबद्दल क्षमा. पण घरातल्या घरात शिकलेल्या माणसाला खरं सांगणार तरी कोण?) म्हणून तो फोन.

दुसऱ्या दिवशी बँड सोडते म्हणून सांगायला गेले. ताई म्हणाल्या, “पहिल्यांदा सगळे असेच रडतात गं. घरी तू अँपपुढे उभी असतेस. आवाज भिंतीवरून येतो, जमिनीतून येतो, अर्धा तर तू पोटऱ्यांनी ऐकतेस. माइकला पोटऱ्या कुठल्या? त्याला एकच कान, तोही अँपच्या जाळीला चिकटलेला.” त्यांनी माइक मागे सरकवला, दुसरा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि ऐकवताना आवाज चांगला मोठा केला. डासाचा माणूस झाला! पण आपल्याकडची ती चमक काही येईना. तेवढ्यात आमच्या ड्रमवाल्याने चहाच्या कपांचा ट्रे माझ्या अँपवर टेकवला. मी तार छेडली आणि ओरडले, “हाच! हाच माझा सूर!” ताई थंडपणे म्हणाल्या, “या कपबश्या आहेत.”

मामा, तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत, कारण प्लग तिथेच होता, आणि अँप कायम ताटांच्या मांडणीखाली. तुम्ही जिला ‘आपल्या घराण्याची चमक’ म्हणता, ती मामीची स्टीलची ताटं आहेत! मी हसून हसून खुर्चीवरून घसरले. कमी पडली होती ती ताटं, माझी बोटं नव्हेत. ट्रे उतरवून पुन्हा वाजवलं, आणि ताईंची जांभई अर्ध्यातच थांबली. रात्री इतकी गाढ झोप लागली, की गजर शेजाऱ्यांनी येऊन बंद केला.

तुमची भाची

ता. क. मांडणीतली दोन ताटं (एक काठ वाकलेलं, ते हवंच) नीट गुंडाळून पाठवाल का? ताई ‘एका गाण्यापुरती’ म्हणाल्या आहेत.

आणखी एक ता. क. मामीला कारण सांगू नका. “पोरगी कसली वाजवते, माझी भांडी वाजतात,” असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत आली आहे.