बाहुलीचा डावा हात

महाल, नागपूर
१ ऑक्टोबर १९३८

यमुताईंना भीत भीत नमस्कार.

हे पत्र चुलीतच जाणार आहे, तरी लिहिते. पुष्पा बालमंदिरात काहून येत नाही, असं तुम्ही आमच्या मोलकरणीला विचारलंत. तिनं तापाचं सांगितलं, पण पुष्पाला ताप नाही, ताई. ती डाव्या हातानं चित्रं काढते आणि तुम्ही काढू देता, हे सासूबाईंना कळलं. परवा दसऱ्याला मामंजी साऱ्या भाऊबंदांसमोर नातीकडून पाटीवर सरस्वती काढून घेणार आहेत.

"डावा हात पुढं आला तं देवी कोपन वं सूनबाई. बांधून ठेव तो," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी मीच तिचा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधते. ती रडते. गाठ सोडायला माझा हात धजत नाही. सरस्वती चुकली तर तुमच्याकडे तिला पुन्हा कोणी धाडणार नाही.

आज दुपारी ती कोपऱ्यात बाहुलीशी बोलत होती. जवळ जाऊन पाहिलं, तर बाहुलीचा डावा हात चिंधीनं पाठीशी करकचून बांधलेला.

"काहून बांधला वं?" मी विचारलं.

"मी तिची आई आहे नं," ती म्हणाली.

तुमची,
पुष्पाची आई