रविवारी लिहिलेले शेरे

९ जुलै, मंगळवार

प्रिय बापू,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि आई गुडघ्यापेक्षा जास्त. हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मला हसवलं असतंस आणि मीही हसले असते. म्हणून पत्र.

काल तुझ्या शाळेत गेले होते, न कळवता. तुझी बदली घराजवळच्या शाळेत झाली. तो आदेश आपल्या हाताने द्यावा, तुझा चेहरा बघावा, एवढाच बेत. शाळा तपासणारी अधिकारी झाले तरी धाकट्या भावाला चकित करायची हौस काही फिटत नाही. चकित कोण झालं ते पुढे वाच.

चौतीस मुलं ओळीत बसलेली आणि खुर्चीवर शिपाईबाई. फळ्यावर तारीख, पट, हजर मुलं आणि खाली ठळक अक्षरात वर्गशिक्षक म्हणून तुझं नाव. मला बघून बाई अशा उठल्या की खुर्चीच आडवी झाली. मी मनात म्हटलं, चहाला गेला असेल. तेव्हाही मी तुझ्यासाठी सबबच शोधत होते.

वेळ जावा म्हणून पुढच्या मुलीच्या हातात पुस्तक दिलं, मधलंच पान उघडलं, वाच म्हटलं. तिने शब्दांखाली बोट ठेवलं आणि टपालवाल्याच्या सायकलीचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. पानावर धडा होता मधमाश्यांचा. मी पान उलटलं. पुन्हा सायकल! बोट मात्र शहाण्यासारखं ओळीवरून सरकत होतं. दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला दिलं. पान कुठलंही, सायकल तीच. चौथीचा वर्ग आहे हा, बापू.

"तपासणीला हाच धडा विचारतात, असं सरांनी सांगितलेलं," शिपाईबाई म्हणाल्या. "मी सातवी शिकलेली. जमतं तेवढं करते. रागावू नका."

"सर येतात कधी?"

"रविवारी. आठवड्याच्या सह्या करतात नि जातात."

तेवढ्यात त्या मुलीने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हे सर खरोखरचे असतात का?"

पहिलीपासून ती पोर तुझ्याच वर्गात बसते आहे. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

मग शेऱ्यांची वही मागवली. 'शिक्षक हजर. अध्यापन समाधानकारक. वाचन उत्तम.' पाच भेटी, पाच शेरे, सगळे माझ्या अक्षरात. त्यातली एकही भेट मी दिलेली नाही. तू रविवारी वही घरी आणायचास आणि मी भाजी निवडता निवडता हात पुसून लिहायचे. तपासणीत सायकलीचा धडा विचारते, हेही मीच तुला सांगून ठेवलेलं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण मी.

तुला झाडायचं म्हणून पेन उचललं होतं. जमत नाहीये. मला धक्का बसला असं मघापासून लिहिते आहे. बसला तर खराच. पण एक गोष्ट लिहायची टाळते आहे.

तुझी भाची रोज अकराला तुझ्या खाजगी क्लासला येते. शाळेची घंटाही अकरालाच होते. दोन वर्षं मी तिला डबा भरून देते आहे, उशीर करू नकोस, मामा वाट बघत असेल म्हणून ओरडते आहे. एवढी साधी बेरीज मला येत नव्हती का? येत होती. करायची नव्हती. तिला गणितात गती आली म्हणून मी शेजारणींना पेढे वाटले. ते तास कोणाच्या पोरांचे होते, हे स्वतःला कधी विचारलं नाही. क्लास मी तिला कालच सोडायला लावला. आता माझ्याशी बोलणार नाही म्हणते. न बोलू दे.

काल त्याच वर्गात बाकावर बसून शेरा लिहिला. 'शिक्षक गैरहजर. मुलांना वाचता येत नाही. मागील पाचही शेरे खोटे.' शिपाईबाईंचा दोष नाही, हेही लिहिलं. बदलीचा आदेश अहवालाला जोडून परत पाठवला. हे पत्र मिळेल तोवर तो वर पोचलेला असेल. तुझी नोकरी जाईल, बहुधा माझीही. आईला अजून सांगितलेलं नाही, तेवढी छाती नाही माझी.

तू चिडशील. घरी येऊन भांड, दार उघडंच आहे. पण मला अहवाल मागे घ्यायला सांगू नकोस.

त्यात दोषी म्हणून दोन नावं आहेत. वरचं माझं आहे, कारण मी थोरली.

अजूनही तुझीच,
ताई