उजवं फूल

उस्मानपुरा, औरंगाबाद
९ डिसेंबर १९५४

श्री. लक्ष्मणराव यांस,
कालिंदीचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. या थंडीत तुमच्या मातोश्रींच्या गुडघ्यांना जरा आराम असेल, अशी आशा करते.

तुमचे मित्र, म्हणजे आमचे दादा, कचेरीत आता मराठीतून लिहायला चांगलेच सरावलेत. पण चिडले की अजून उर्दूतच चिडतात. उमावहिनींच्या धाकटीला गोवर येऊन गेला. अंगणातल्या पेरूला यंदा फळ बरं आहे.

हसत असाल. यातलं काहीच तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही एकच गोष्ट विचारलीत आणि वर दादांना बजावलंत, "उत्तर तुम्ही द्यायचं नाही. कालिंदीबाई स्वतः देतील." मला तुमचा फार राग आला होता. सोळाव्या वर्षी माझं कपाळ मोकळं झालं, त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी काही विचारलेलंच नाही. दुकानात दोन लुगडी पुढ्यात टाकली तरी मी वहिनींच्या तोंडाकडे बघते. अशा बाईला तुम्ही लग्नाचं विचारता आणि उत्तरही तिच्याकडूनच मागता, म्हणजे कमालच आहे तुमची!

तुमचं लासूर स्टेशन मी गाडीच्या खिडकीतून पाहिलंय, तेवढंच. पण महिनाभर रोज दुपारी मी तिथं राहून येते. निवडायला घेतलेले तांदूळ सुपातच राहतात. कापसाच्या गाड्या बाजाराकडे चाललेल्या असतात, वाऱ्यानं उडालेला कापूस तुमच्या उंबऱ्यात येऊन बसतो आणि मी तो झाडत नाही. तुम्ही शाळेतून येता. मी विचारते, "चहा टाकू का?" तुमचं उत्तर ऐकू येण्याआधी वहिनी हाक मारतात आणि सूप हातात घेऊन मी पुन्हा उस्मानपुऱ्यात असते.

वहिनी वाईट नाहीत हो. त्यांना दोन मुली आहेत. आत्यानं पुन्हा लग्न केलं म्हणून उद्या त्यांची स्थळं मोडली तर, हे भय त्यांच्या पोटात आहे. त्याच भयानं, तुम्हाला उत्तर लिहायला घेतलं की माझं पेन खाली राहायचं.

आमच्या घरी काही अडलं की कौल लावतात. देवघरात रेणुकेचा तांदळा आहे, शेंदूर लावलेला पाषाण. त्याच्या दोन्ही अंगांना पाण्यानं दोन फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर करायचं, डावं पडलं तर नाही. परवा दुपारी सगळे निजले होते. मी शेवंतीची दोन फुलं घेऊन बसले आणि डोळे मिटले. त्या शांततेत कुठंतरी गाडीची शिट्टी ऐकू आल्यासारखं वाटलं. खरी होती की नाही, देव जाणे.

"कालिंदे, काय करायलीस?"

आई दारात उभी होती. मी डोळे उघडले. माझी बोटं डाव्या फुलावर पाणी लावत होती. ते पक्कं राहावं म्हणून पुन्हा पुन्हा लावत होती, आणि उजवं जेमतेम टेकवलेलं, जवळजवळ कोरडंच. लक्ष्मणराव, शपथेवर सांगते, हे माझं मला ठाऊक नव्हतं.

आई म्हणाली, "देवीला विचारायलीस का पढवायलीस?"

मला रडूच आलं. आई जवळ येऊन बसली. मग मी दोन्ही फुलं हातानंच काढली. डावं पायाशी वाहिलं. उजवं केसात माळलं. दहा वर्षांनी. सवय मोडलेली, ते धड बसेना, तेव्हा आईनंच बसवून दिलं. आणि वहिनींना दिसू नये म्हणून उठून देवघराचं दार लोटून आली.

मी थोडा वेळ बसले. मग उठले आणि दार उघडलं.

वहिनी चहाची भांडी घेऊन माजघरात आल्या होत्या. बघतच राहिल्या. म्हणाल्या, "वन्सं, माझ्या पोरींचा विचार केलात का?"

"रोज करते, वहिनी. आज माझाही केला."

त्या भांडी ठेवून आत गेल्या. दोन दिवस झाले, माझ्याशी बोललेल्या नाहीत. ते मला फार लागलंय आणि ते तुमच्यापासून लपवायचं नाही. पण फूल सुकलं तेव्हा काल मी दुसरं माळलं, आणि आज तिसरं. धाकटी विचारत होती, "आत्या, तू कुठं चाललीस?" मी तिला गावाचं नाव सांगितलं.

दादा म्हणाले, पत्र मी टाकतो. मी नको म्हटलं. पेटीपर्यंत मीच जाणार आहे, दिवसाउजेडी, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या देखत.

मातोश्रींना नमस्कार सांगा. आणि चहात साखर किती घालता, तेवढं उलट टपाली कळवा.

लासूरला येणारी,
कालिंदी